बाळकुमची बंदूक आणि चुकीचा डबा

ती घटना आजही आठवते आणि मला एकटीलाच हसू फुटतं. नात विचारते, "आजी, काय झालं?" मी म्हणते, "काही नाही गं, एक आरोपी आठवला."

तेव्हा मी ठाण्यातल्या एका पोलीस स्टेशनला नवी उपनिरीक्षक होते. गणवेशाला कडक इस्त्री, चालणं त्याहून कडक, आणि अक्कल अजून धोब्याकडे. निवडणूक संपली होती. आचारसंहितेमुळे जमा झालेल्या परवान्याच्या बंदुका परत करायचं काम माझ्याकडे होतं. वहीसुद्धा मीच आखली होती: नाव, परवाना, बोअर म्हणजे नळीचं माप, काडतुसांची संख्या, सही. काय सुरेख वही! येईल त्याला दाखवत सुटले होते.

बंदुका परत करून चार दिवस झाले आणि दुपारी बाळकुमहून फोन आला. बोलणारा एका जुन्या शेतकरी घरातला पुतण्या. जमिनीवरून काकांशी त्याचा वाद होता. "मॅडम, काकाकडं गोळीची काडतुसं हायेत. छर्रे नाय, गोळी! रविवारी उडवनार बोलतो. मी कुठं जाऊ?"

मला आनंदच झाला. माझा पहिला खुनाचा कट! दोन शिपाई आणि दोन पंच घेऊन जीप काढली.

काका ओटीवर बसून बंदुकीची नळी पुसत होते. सत्तरी ओलांडलेले, हाडं तेवढी शिल्लक. बंदूक आजोबांच्या वेळची, पॉइंट चारशेदहा बोअरची. नळी इतकी बारीक की करंगळी जेमतेम जाईल.

"रविवारी कुणाला उडवणार आहात?" मी दरडावलं.

"मानसाला कशाला उडवू, बाय? मातीच्या थाळ्या फोडायच्या हान. क्लबात म्हाताऱ्यांची स्पर्धा हाय."

"बाय नाही, मॅडम म्हणा. मग गोळीची काडतुसं कशाला?"

"कसली गोळी? मना छर्रेच लागतान."

मी फडताळातला डबा काढून नाकासमोर धरला. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "चष्मा लाव आधी! चार दिस बोलतंय, ह्यो डबा आपला नाय!"

चष्मा चढला. काकांनी डबा फिरवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "पन बाय, ह्यो तं तूच दिलास मना."

मी मानेन तर ना! काका, बंदूक आणि डबा, तिघांना जीपमध्ये घातलं. स्टेशनात तासभर तोच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला. काका दहाही वेळा तेच बोलले आणि शेवटी म्हणाले, "चाय तरी देशील का?"

शस्त्र तपासायला मुख्यालयाच्या शस्त्रागारातले हवालदार आले. त्यांनी नळीवरचे कोरलेले आकडे वाचले, डब्यावरचा मजकूर वाचला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"मॅडम, या नळीचं तोंड आत निमुळतं केलंय. त्याला चोक म्हणतात. छर्रे त्यातून दाटीनं निघतात. ही अख्खी गोळी नळीच्या पूर्ण मापाची, ती तोंडाशी अडकली असती. वर काडतूस तीन इंची आणि बंदुकीत त्याची जागा अडीच इंचांचीच."

"पण आत तर बसतंय!"

"बसतंय तेच वाईट. उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा नाही, दाब वाढणार. रविवारी नळी फुटली असती, यांच्या डोळ्यापाशी."

काकांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

मी वही उघडली. त्याच बोअरची आणखी एक बंदूक जमा होती, कळव्याच्या एका गृहस्थांची. नवी, सरळ तोंडाची, गोळीला चालणारी. दोन्ही नावांपुढे लिहिलेलं: काडतुसे दहा. छर्रे की गोळी, लांबी किती, याला रकानाच नव्हता. बोअर जुळलं, आकडा जुळला, म्हणून मी डबे वाटून मोकळी झाले होते. खाली सही माझी. वळणदार!

कळव्याला फोन केला. छर्ऱ्यांचा डबा तिथे न उघडता पडला होता.

वरिष्ठ निरीक्षकांनी विचारलं, "काय, आरोपी सापडला?"

"हजर आहे, साहेब," मी म्हटलं आणि सॅल्यूट ठोकला.

साहेबांनी स्टेशन डायरीत सगळं माझ्याच हातानं लिहून घेतलं. वहीत ते दोन रकाने वाढवायला लावले आणि काकांची माफी मागायला लावली. काका म्हणाले, "माफी ऱ्हाऊ दे. रविवारी ये."

मी गेले. हवालदारांनी पारखून दिलेली छर्ऱ्यांची अडीच इंची काडतुसं होती. दहा थाळ्या उडाल्या, काकांनी दोन फोडल्या आणि दोन्ही डोळे शाबूत ठेवून अशा ऐटीत वळले की पुतण्यालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. काकी म्हणाली, "आठ सोडल्यान, आनि तोरा बघा!"

पुढे सगळी नोकरी मी एक नियम पाळला. जीप बाहेर काढण्याआधी आपल्या टेबलाचा पंचनामा करायचा. त्यात बरेच आरोपी सापडले. बहुतेकांची सही माझीच होती, वळणदार.