शेवटची चार मिनिटं ऑर्गनची

नमस्कार मंडळी. इथले भुताटकीचे अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. साकोलीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे, आता मोबाइलही करतो. आवाज कुठून येतो नि कुठे अडतो, हे माझ्या पोटापाण्याचं ज्ञान... त्यामुळे भुताखेतांवर विश्वास कधीच नव्हता. आजही नाही. पण जे झालं ते झालं.

गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एकदोन वर्षांतली, म्हणजे २०००-०१ची गोष्ट. तुमसरला आमचा चौघांचा बँड होता — 'हिरवा धूर'. सायकेडेलिक रॉक, म्हणजे लांबलचक, गुंगी आणणारं वाजवणं. बंद पडलेल्या राइस मिलमध्ये आम्ही सराव करायचो. लोक म्हणायचे, पोट्ट्यांना भानामती झाली. मी गिटार वाजवायचो आणि लाखांदूरकडचा सिद्धार्थ ऑर्गन. तो मूळचा झाडीपट्टीच्या नाटकांतला. दिवाळी ते होळी नाटक कंपनीबरोबर गावोगाव, उरलेले महिने शेती आणि आमचा बँड.

नाटकात ऑर्गनवाल्याला नटाच्या तोंडाकडे बघून वाजवावं लागतं. नट कुठे श्वास घेणार, कुठे रडणार, हे त्याला आधी कळतं. सिद्धार्थ तसंच माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि मी जे वाजवणार असायचो ते माझ्या अर्धा क्षण आधी वाजवायचा. माझ्यापेक्षा चांगलं. मी घरी रात्रंदिवस गिटार घासायचो, आणि हा धानाचा चिखल पायांना तसाच घेऊन येऊन बसायचा, की झालं! मला त्याचा फार हेवा वाटायचा. आता लपवून काय करू?

आमची एकच कॅसेट निघाली. मिलमध्येच दोन माइक लावून सरळ टेपवर रेकॉर्ड केली. शेवटच्या गाण्यात सगळे थांबतात आणि चार मिनिटं एकटा सिद्धार्थ वाजवतो. ते ऐकून आमचा ड्रमवाला डोळे पुसत बाहेर गेला होता. माझ्या गिटारने कधी कोणाचे डोळे ओले झाले नाहीत.

दिवाळीनंतर सिद्धार्थ कंपनीबरोबर गेला. कॉप्या काढायच्या म्हणून मूळ कॅसेट माझ्याकडे होती. कॅसेटच्या मागचे प्लास्टिकचे दात तोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. ते मीच तोडले होते. मीच त्या खळग्यांवर चिकटपट्टी लावली, आणि त्या चार मिनिटांवर, ऑर्गन पुसून, माझी गिटार रेकॉर्ड केली. मग कॉप्या काढल्या.

होळीनंतर सिद्धार्थने कॅसेट ऐकली. म्हणाला, "चांगलं वाजवलंस गा." बस. त्या उन्हाळ्यात तो आला नाही आणि बँड संपला.

पुढे काय झालं कोण जाणे, त्या कॉप्या नागपूर-पुण्याच्या होस्टेलांत फिरल्या. कोणीतरी गाणी नेटवर टाकली. पोरं 'ती शेवटची गिटार' म्हणून वेडी झाली. दुकानात येऊन फोटो काढायची. मीही काढू द्यायचो.

मग भंडाऱ्याच्या एका छोट्या कॉलेज रेडिओने मला बोलावलं. रविवारी दुपारी चारला, लाइव्ह. मूळ कॅसेट घेऊन गेलो. आदल्या दिवशी दुकानात वाजवून बघितली होती. गिटार ठणठणीत.

निवेदिका बाईंना मी ऑन एअर सांगितलं, "शेवटची चार मिनिटं माझी." कॅसेट लावली. गाणं आलं... सगळे थांबले... आणि हेडफोनमध्ये ऑर्गन सुरू झाला.

स्वच्छ ऑर्गन. गिटारचा मागमूस नाही. बाई माइक बंद करून म्हणाल्या, "सर, हा तर ऑर्गन आहे ना?" मी म्हणालो, "दुसरी बाजू लागली असेल." त्यांनी टेपडेकच्या काचेतून कॅसेट बघितली. बाजू बरोबर होती. माझ्याच अक्षरात लिहिलेली.

जुनं रेकॉर्डिंग नीट पुसलं नाही तर नव्याखाली पुसट ऐकू येतं, हे मला ठाऊक आहे. पण मग वरचं नवं कुठे गेलं? घरी आल्याबरोबर कॅसेट लावली. गिटार! दहा वेळा लावली, दहाही वेळा गिटार. रेडिओवाल्यांकडे कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे. त्यात ऑर्गन.

चार दिवस जेवण गेलं नाही. शेवटी एसटीने लाखांदूर गाठलं. धानाची लावणी, म्हणजे आमचे रोवणे, आटोपले होते. सिद्धार्थ अंगणात बसून ऑर्गनचा भाता शिवत होता. त्याने तो कार्यक्रम ऐकला नव्हता. मी सगळं सांगून टाकलं, चिकटपट्टीसकट.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "आयकलं त्याच दिवशी समजलं."

"मग बोलला काहून नाही?"

"बोललो असतो त तू गिटारच सोडून देली असती. चांगला वाजवत होतास गा तू." मग घरात बघून म्हणाला, "चहा ठेवा वो, साकोलीचा दोस्त आला."

मी माफी मागायला गेलो होतो, आणि तिथेही तो माझ्या अर्धा क्षण आधी पोहोचलेला. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. पश्चात्तापाचं म्हणावं तर तसं नव्हतं... रागच होता बराचसा.

त्या कॅसेटचं काय झालं, मला अजून कळलेलं नाही. कोणा जाणकाराला कळलं तर जरूर लिहा. आता रेडिओवाले लोकांच्या फर्माईशीवरून तेच रेकॉर्डिंग वाजवतात, कॅसेटच्या कव्हरवरचं सिद्धार्थचं नाव घेऊन. शेवटच्या गिटारबद्दल विचारायला आता दुकानात कोणी येत नाही. मी मात्र दर रविवारी ते मोबाइलवर लावतो, शटर अर्धं ओढतो आणि ती चार मिनिटं कान देऊन ऐकतो. त्याची एक तरी चूक सापडावी म्हणून. अजून सापडलेली नाही.