हलणारा पडदा

दिग्रसहून यवतमाळला येताना एसटीत तो शेजारी बसला, मांडीवर पेटी घेऊन. लग्नांत गातो म्हणाला. आपल्या गावावर गाणी रचून त्यानं मोबाइलवरच फिल्म केली होती. परक्याचा मोबाइल बघायचा मला कंटाळा. पण त्यानं इअरफोन सरळ माझ्या हातात दिला.

जिनिंग, कापसाच्या गाड्या, बाजार तो अंगठ्यानं भराभर पुढे ढकलत होता. एका निळ्या दारापाशी मात्र थांबला. दारात कोणीच नव्हतं.

"अम्मीले लय म्हटलं, समोर ये. लाजली थे. पडदा हलून राह्यला ना भाऊ, त्याच्यामांगं उभी हाय."

"त्यांनी पाहिली का फिल्म?"

"पुरी व्हायच्या आंधीच गेली."

यवतमाळ येईपर्यंत गाणं पुढे गेलंच नाही. पडदा थांबला, की तो पुन्हा मागे नेत होता.