कोठीतला गौरीचा झोका

देवासमधल्या उदाजीरावांच्या कोठीवर आमच्या अवंतीताईचा जितका जीव आहे, तितका नवऱ्यावर तरी आहे की नाही, याची मला शंका आहे. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली, तरी अजून कुणाला ना कुणाला धरून आणते आणि कोठी दाखवते. सरदार उदाजीराव विलायतेला गेले, तिथलं एक चर्च त्यांना भारी आवडलं आणि परत येऊन त्यांनी राहायला तस्संच गॉथिक घर बांधलं. टोकदार कमानी, रंगीत काचा, बर्फ घसरावा म्हणून उतरतं छप्पर. माळव्यात बर्फ दिसतो तो फक्त सरबतात. खांबांवर विलायती पानं कोरायची होती, पण इथल्या कारागिरांनी बिनदिक्कत आंब्याची कोरली. हे सांगताना ताई आधी स्वतःच हसते.

यंदा मात्र तिची झोप उडाली. उदाजीरावांचे पणतू भैयासाहेब कोठी लग्नांसाठी भाड्याने देणार होते आणि एसी चालावा म्हणून दिवाणखान्याला फॉल्स सीलिंग ठोकणार होते. म्हणजे वरच्या दगडी कमानी आणि त्या मिळतात तिथलं कोरीव कमळ, सगळं कायमचं झाकलं जाणार. ताईने विनवलं, भांडून पाहिलं. भैयासाहेबांचं एकच उत्तर, वर बघतं कोण?

चैत्रगौरीचं हळदीकुंकू दरवर्षी याच दिवाणखान्यात होतं. गौर फायरप्लेसमध्ये बसते, कारण तिथे आजवर एक लाकूड पेटलेलं नाही. यंदा ताईने मंडपवाल्यांकरवी झुंबराच्या कडीतून दोर सोडला आणि गौरीचा पाळणा थेट छतालाच टांगला. मी म्हटलं, हे जरा अतीच होतंय. ऐकते कुठली.

एवढ्या लांब दोराचा झोका काय करतो, ते पहिल्याच धक्क्यात कळलं. गौर निघाली ती या भिंतीकडून त्या भिंतीकडे. बायका पन्ह्याचे पेले सांभाळत खाली वाकताहेत, कैरीची डाळ साड्यांवर सांडतेय, हसून हसून सगळ्यांची पोटं दुखताहेत. नेमके तेव्हाच भैयासाहेब ठेकेदाराला घेऊन मापं घ्यायला आले. गौर अंगावर येताना पाहून ते मटकन बसले आणि मग चक्क आडवे झाले. गौर नाकावरून गेली, परत आली. त्यांची नजर दोराबरोबर वर चढली आणि तिथेच राहिली. मावळतीचं ऊन काचांतून आत आलं होतं, कमळ लाल-निळं झालं होतं.

ताई घाबरून धावली, लागलं का म्हणून विचारू लागली. ते उठेचनात. याच घरात जन्मलो आणि हे कधी पाहिलंच नाही, असं काहीतरी पुटपुटले.

ठेकेदाराने टेप उघडून विचारलं, "भैयासाहेब, सीलिंग कितना नीचे लेना है?"

"रहने दो भिया. पंखे लगा देना." मग पडल्या पडल्याच ते ताईला म्हणाले, "ताई, अजून एक झोका द्या."

पदराने डोळे पुसत आमच्या इतिहासाच्या बाईंनी गौरीला असा काही झोका दिला, की ठेकेदारही आडवा झाला.