पाण्याची सवय

मुलुंडहून मालवणला गेलो तेव्हा समुद्राखालचे मासे बघायला मी फक्त आमच्या कुटुंबासाठी बोट घेतली होती, सोबत एक गाईड. चढता चढताच मी त्याला सांगून टाकलं, "बाबांना पाण्याची सवय नाही. ते बोटीत बसून सामान बघतील." बाबांना विचारायचं सुचलंही नाही, एवढा मी शहाणा. ते आमचे सगळ्यांचे मोबाईल मांडीवर घेऊन बसले.

मी मास्क लावून ऐटीत उतरलो आणि पहिल्याच श्वासाला नळीतून पाणी तोंडात गेलं. घाबरून मी गाईडच्या गळ्याला अशी मिठी मारली की तोही बुडायचा.

मग मी बोटीला धरून खोकत होतो आणि वर बाबा गाईडशी मालवणीत बोलत होते. समोरच्या माडांत बाबांचं जुनं घर होतं. याच खडकांवर ते लहानपणी बुड्या मारून कालवं काढायचे. हे मी घरी शंभरदा ऐकलं होतं आणि दर वेळी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

गाईड म्हणाला, "काकानू, मगे तुमीच उतरा."

"नको," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "झिलाक पाण्याची सवय नाय. तू त्याचो हात धर, मी सामान बघतंय."