पुट्टीखालच्या भेगा

भिलाईजवळच्या जुनवानीतल्या एका घराचं प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं. त्यात ना खून होता ना दरोडा. तरी सेवेतलं अभिमानानं सांगावं असं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो.

तेव्हा मी भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून रोजनामचा बघत होतो, तेवढ्यात एक रंगारी आत आला. बस म्हटलं तरी बसेना.

"सायेब, त्या घराच्या बीमले भेगा होत्या. मालकानं मले पुट्टी भरून रंग मारायले लावलं. आता एक रिटायर काका ते घर घेऊन राहिले. परवा दुर्गच्या कचेरीत घराची रजिस्ट्री आहे."

"मग आताच कावून सांगून राहिला?"

"काल काकू घर पाहाले आल्या होत्या. मले विचारे, नातवाच्या पाळण्याचा हूक कुठं लावू? त्याच बीमखाली उभ्या होत्या बाई."

काकांना बोलावलं. माझ्या वडिलांसारखेच भंडाऱ्याकडून येऊन भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागलेले. आयुष्याची सगळी पुंजी या घरात जाणार होती. त्यांनी ऐटीत फाइल पुढे केली.

"बिल्डिंग इन्स्पेक्टरकडून घर तपासून घेतलं ना मी! पाहा, सगळं ओके."

"इन्स्पेक्टर आणला कोणी?"

"मालकानंच पाठवला. हेल्मेट, सेफ्टी शूज, सगळं घालून आला. भिंती ठोकून पाहिल्या त्यानं."

आमच्या टाउनशिपच्या माणसाची ही नेहमीची चूक. उभी हयात कंपनीच्या क्वार्टरमध्ये जाते. छत गळलं की मेंटेनन्स ऑफिसात कंप्लेंट लिहायची, बस. घर आपण तपासायचं असतं हे ठाऊकच नसतं. आणि प्लांटमध्ये हेल्मेटवाल्याच्या सहीवर जीव सोपवायची सवय, ती बाहेरही सुटत नाही.

रंगाऱ्यानं सांगितलेलं ऐकूनही काका तक्रार द्यायला तयार नव्हते. "कोणाच्या पोटावर कावून पाय द्यायचा?" म्हणाले.

माझे वडील अंगठा लावायचे. मी घरातला पहिला बी.ए. ठाण्यात डिग्री काय कामाची, असे टोमणे मी पुष्कळ ऐकले. पण काकांच्या फाइलमधला तपासणीचा रिपोर्ट मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात लिहिलं होतं, 'गच्चीवर फिरून तपासणी केली.' दुपारी मी स्वतः ते घर पाहून आलो, मगच इन्स्पेक्टरला बोलावलं, काकांनाही बसवून घेतलं.

गडी बोलण्यात तरबेज. "सर, मैंने कोना-कोना चेक किया है." हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, दोन लावू का?" मी नको म्हटलं. इन्स्पेक्टरला पाणी दिलं.

"गच्चीवर किती वेळ होतास?"

"दहा मिनिटं, सर."

"जिना कुठून आहे?"

"आतूनच, सर. किचनच्या बाजूनं."

"त्या घराला जिनाच नाही. मी शेजाऱ्याची शिडी मागून वर चढलो."

त्यानं ग्लास खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. रिपोर्ट आधीच लिहून तयार होता, मालकाच्या सांगण्यावरून. काकांसमोर त्यानं नुसत्या भिंती ठोकल्या होत्या.

शेजारी बसलेल्या काकांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "कागद द्या, सायेब. तक्रार मीच लिहितो." रजिस्ट्री थांबली. मालक आणि इन्स्पेक्टर, दोघांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

या प्रकरणानं मला एक गोष्ट पक्की शिकवली. विकणाऱ्यानं पाठवलेला तपासनीस विकणाऱ्याचाच असतो. आपला माणूस आपण शोधावा, त्यानं आधी तपासलेल्या घरांतल्या लोकांना भेटावं आणि तो तपासताना सोबत फिरावं. काकांनी तसंच केलं. दुसऱ्या घरासाठी त्यांनी स्वतः तपासनीस शोधला. तो जाळ्याजळमटांनी माखून माळ्यावरून खाली उतरला आणि म्हणाला, "हे घर नका घेऊ." काकू वैतागल्या, "याले हे बी घर पसंत नाही! आता काय झाडाखाली राहायचं?"

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"सायेब, माणूस भेटला! तोंडावर नाही म्हणून राहिला. आता तिसरं घर बी यालेच दाखवतो."