कावळ्याचे चार दिवस

लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा मी बी.ए. झालेली, पुण्यात वाढलेली, आणि तोंडाने फटकळ. सासरी कावळा शिवला की बाजूला बसायचं, हे कळल्यावर मी माहेरी जाऊन आईशी कडाकडा भांडले होते. ऐंशीचं दशक संपत आलेलं, घरात रंगीत टीव्ही, आणि सुनेने चार दिवस मागच्या दाराशेजारच्या खोलीत चटईवर झोपायचं, ताट-तांब्या वेगळा, कुणाला शिवायचं नाही. पहिल्या महिन्यात मी संतापाने रडले. दुसऱ्या महिन्यात रडले नाही. तिसऱ्या महिन्यापासून मी त्या चार दिवसांची वाट बघायला लागले.

का, ते सांगते. आता या वयात लाज कसली धरायची. आमचे हे चारचौघांत भले माणूस. तळोज्याच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम, दारू नाही, मारझोड नाही, आवाजसुद्धा चढायचा नाही. फक्त दिवा मालवला की माझं अंग आपोआप त्यांचं व्हायचं. तुला हवंय का, असं काही बायकोला विचारायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी "नको" म्हणून पाहिलं.

"का? बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग?"

त्या "मग?"ला मी काय उत्तर देणार, डोंबल? आजारी असले तर "नको" चालायचं. मनात नाही, हे काही कारण होत नव्हतं. एकदा डोकं दुखतंय म्हटलं तर मोठ्या प्रेमाने बाम चोळून दिला, आणि चोळून झाल्यावर जे व्हायचं ते झालंच. वर सकाळी विचारतात, "उतरलं ना डोकं?"

कावळा शिवला की मात्र विषयच संपायचा. मला चुकून हात लागला तर सासूबाई ह्यांना डोक्यावरून आंघोळ करायला लावायच्या, मग थंडी असो की ताप असो. मी त्या खोलीत पाय पसरून दिवाळी अंक वाचायचे. खिडकीतून तळ्याची एक कड दिसायची. स्वतःच्या अंगावर स्वतःचं पांघरूण घेऊन झोपण्यात किती सुख असतं, हे ज्यांना रोज मिळतं त्यांना नाही कळायचं.

एकदा मी चौथ्या दिवशी न्हालेच नाही. पाचव्या दिवशीही खोलीतच. सासूबाई दाराशी आल्या. त्या दिवसांतले माझे कपडे धुऊन त्यांच्या डोळ्यांसमोरच वाळत पडलेले, म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं.

"अजून आहे का गं?"

"हो, आई."

"असू दे. पोळ्या मी लाटते." मग दाराला टेकून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझे सासरे होते तेव्हा माझं आठवडाभर चालायचं."

त्यानंतर आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. पण त्या बाईला मी पहिल्यांदा मनापासून आई म्हटलं ते त्या दिवशी.

आणि मग आमच्या ह्यांना सुधारणेचा झटका आला. कुठलंसं व्याख्यान ऐकून आले आणि जेवता जेवता जाहीर केलं, "हे बाजूला बसणं-बिसणं उद्यापासून बंद. शिकलेल्या बाईला असं कोपऱ्यात बसवायचं म्हणजे शोभत नाही आपल्याला."

सासूबाई खवळल्या. देव, सोवळं, कुळाचार, सगळं काढलं त्यांनी. काढतील नाही तर काय? खरं कारण पोटच्या मुलाला कुठल्या तोंडाने सांगणार? ते माझ्याकडे वळले. "तू तरी सांग आईला."

मी काय सांगायला हवं होतं? हे शहाणपण लग्नाआधी मीच माहेरी पाजळून आले होते. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पानावरून उठल्या. गल्लीत म्हातारीच्या नावाने बोटं मोडली गेली आणि ह्यांचं कौतुक झालं. पुढच्या महिन्यात माझी चटई गुंडाळून माळ्यावर गेली. आता मी बाराही महिने त्यांच्या शेजारी. त्या दिवसांतही. "आता कसली अडचण?" असं वर विचारायचे. पोटात कळा येत असताना मी आढ्याकडे बघत पडायचे आणि व्याख्यान देणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालायचे.

कर्नाळ्याला ह्यांच्या ऑफिसची सहल गेली होती. तिथे ह्यांनी ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. बायका मला म्हणाल्या, नशीब काढलंस हो. मी काकडी चिरत होते, चिरत राहिले.

पुढे सासूबाई गेल्या. नव्वद साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील, नवीन पनवेलच्या एका सभागृहात जोडप्यांसाठी एका डॉक्टरीणबाईंचं भाषण होतं. ह्यांनीच नेलं मला, भाषणांची आवड होतीच. बाई स्पष्ट बोलत होत्या. म्हणाल्या, लग्नात एकदा होकार दिला म्हणजे जन्माचा दिला असं नसतं. गप्प पडून राहणं हा होकार नव्हे. विचारा, आणि नको म्हणाली तर कारण मागू नका. मी ह्यांच्याकडे चोरून पाहिलं. ते मान डोलावत होते. हा माणूस भाषण ऐकून बदलतो, हे मी स्वतः भोगलेलं होतं. म्हटलं, आज तरी.

परतताना तळ्याकाठी ते तावातावाने बोलत होते. "कसली जनावरं असतात गं एकेक. स्वतःच्या बायकोशी असं वागायचं?" मग एकदम थांबले. माझ्याकडे नीट बघून, अगदी हळू आवाजात विचारलं, "मी कधी तुझ्यावर जबरदस्ती केली का?"

या बाबतीत त्यांनी मला काही विचारलं ते तेवढंच. हो म्हणायला तोंड उघडलंही मी. पण समोर तो चेहरा, स्वतःवर खूश असलेला, आणि हो म्हटल्यावर घरी जायचं ते त्याच्याच बरोबर.

"नाही," म्हणाले.

इतक्या वर्षांत माझ्या तोंडचं तेवढं एक "नाही" त्यांनी लगेच मानलं.