होळीला दिलेलं लाकूड

जयंती आगटे यांच्या घरात काही फुकट जात नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, जुन्या पडद्यांचे मराठी मंडळाच्या नाटकात शेले होतात, आणि कुणी उरलेलं अन्न कचऱ्यात टाकताना दिसलं तर बाई पाहुण्याच्या घरीसुद्धा गप्प बसत नाहीत. नागपूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली ही बाई लग्न होऊन ओटावाजवळच्या कनाटाला आली. नवरा हेमचंद्र टेलिकॉममध्ये. बाई एका शाळेच्या लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुवायला लागल्या आणि त्याच लॅबच्या सर्वेसर्वा होऊन रिटायर झाल्या. मग ओटावाची थंडी पुरे झाली म्हणून दोघांनी पार पश्चिमेला केलोनाजवळच्या डोंगरावर घर घेतलं. घर बेताचंच, पण मागचा सगळा उतार पाइनच्या झाडांचा. तो त्यांचा स्वतःचा.

गेल्या हिवाळ्यात त्यातल्या काही झाडांना भुंगेरा लागला. हा किडा सालीखाली शिरून अंडी घालतो, अळ्या आतल्या आत झाडाला पोखरतात, आणि झाड मात्र वरून वर्षभर हिरवंगार दिसतं. नगरपालिकेचा माणूस येऊन बघून गेला. खाजगी जमीन, तेव्हा झाडं काढायची जबाबदारी मालकाची. झाडं तोडा, आणि उन्हाळ्यात भुंगेरे उडायच्या आत लाकूड जाळून टाका, असं त्याने सांगितलं.

जाळून टाका! जयंतीबाईंना हे ऐकून अगदी हायसं वाटलं. मार्चमध्ये मंडळाची होळी होती आणि अध्यक्ष दिलीप राजवाडे लाकडासाठी सगळ्यांना फोन करत होते. कीड जाळायला होळीपेक्षा चांगली जागा कुठली? कसं जमलं बघा, असं त्या दिवसभर म्हणत होत्या. झाडं तोडून घेतली, ट्रकभर ओंडके कम्युनिटी हॉलच्या मागे पाठवले, आणि होळीच्या दिवशी स्वतः हॉलच्या किचनमध्ये पुरणाशी झटापट करत बसल्या. बाहेर ढोल वाजला, बोंबा झाल्या, नैवेद्याचं ताट गेलं. विषय संपला.

जुलैच्या सुरुवातीला माधवी घैसासने चहाला बोलावलं. माधवी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, सॉफ्टवेअरमधली, हौशी. हिच्याही बॅकयार्डमध्ये पाइन आहेत, पार कुंपणापलीकडच्या रानापर्यंत.

"जयंतीताई, डोळे मिटा. आता उघडा. कसा आहे माझा पार?"

सगळ्यात मोठ्या पाइनच्या बुंध्याभोवती ओंडके उभे करून, वर फळ्या ठोकून माधवीने छान पार बांधला होता. जयंतीबाई कौतुकाने बसल्या, चहाचा घोट घेतला, आणि फळीवर टेकवलेल्या हाताला काहीतरी लागलं म्हणून तळवा बघितला. तांबूस भुसा. कॉफीच्या चोथ्यासारखा.

"माधवी, ही लाकडं कुठून आणलीस?"

"अहो, तुमचीच की! होळीची."

"होळी जळली ना?"

"कसली जळते! परमिट एवढ्याशा आगीचं होतं. फायरवाला शेजारी घड्याळ बघत उभा. दोन ओंडके जळले असतील नसतील. मग दिलीपकाका म्हणाले, होळीचं लाकूड टाकायचं नाही, शुभ असतं, घरी न्या. आमच्या कारमध्ये हेमचंद्रकाकांनीच लोड करून दिलं."

जयंतीबाईंनी चहाचा कप फळीवर ठेवला तो कलंडला, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. पर्समधून किल्ली काढून त्यांनी एका ओंडक्याची साल उचकटली. साल वाळलेल्या गोवरीसारखी सुटून आली, आणि आत तांदळाच्या दाण्याएवढे तपकिरी किडे. एक नाही, दोन नाही. सालीखालचे सगळे बोगदे भरलेले. चालणारे.

"ओ माय गॉड," माधवी मागे सरकली. "जिवंत आहेत?"

"जिवंत आहेत आणि पंख फुटलेत. आज नाही तर उद्या उडतील. आणि तू त्यांना झाडाच्या गळ्यात हार घालावा तसं बांधून ठेवलंयस!"

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की ओरडायला माधवी हा चुकीचा माणूस आहे. त्यांनी फोन लावला.

"अहो, होळीचं लाकूड लोकांनी घरी नेलं?"

"हो," हेमचंद्र म्हणाले. "मी उचलून दिलं सगळ्यांना. कंबर धरली नव्हती का माझी? तूच बाम लावलास."

"तुम्हाला माहीत होतं त्यात कीड आहे!"

"तुलाही माहीत होतं. मला वाटलं, तू एवढी वनस्पतिशास्त्रातली, तू दिलंयस म्हणजे काही प्रॉब्लेम नसेल."

चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि या माणसाने बायकोचं ज्ञान पहिल्यांदा मानलं ते इथे!

उन्हाळ्यात उघड्यावर आग पेटवायला बंदी, म्हणजे जाळायचा रस्ता बंद. तेव्हा साल सोलायची आणि किड्यांसकट साबणाच्या पाण्यात बुडवायची. माधवीने पार मोडला. घरातून कालथा, सुरी, नारळ फोडायचा कोयता आणला. दोघी अंगणात फतकल मारून बसल्या आणि फणस सोलावा तसे ओंडके सोलू लागल्या. जयंतीबाई एका हाताने सोलत, दुसऱ्या हाताने फोन. एकाने लाकूड फायरप्लेसमध्ये जाळलं होतं. त्याला त्यांनी इतके आशीर्वाद दिले की तो घाबरला. दुसऱ्याकडेही तेच. बाकीचं सगळं कुठे? दोघांनी एकच उत्तर दिलं: दिलीपकडे. पुढच्या वर्षीच्या होळीला म्हणून.

दिलीप राजवाड्यांची जमीन. त्या परिसरात मराठी माणसाकडे एवढी झाडं दुसऱ्या कुणाकडे नाहीत. बायको गेल्यापासून हा माणूस त्या पाइनखालून रोज सकाळी फिरतो, आणि मुलीने कितीदा म्हटलं तरी तिच्या रिचमंड हिलच्या घरी राहायला जात नाही. झाडं सोडून कुठे जाऊ, म्हणतो.

हेमचंद्र गाडी घेऊन माधवीकडे आले. जयंतीबाई माधवीला सोलायला बसवून, तिचा कोयता घेऊन निघाल्या.

"या, या वहिनी! वर्दी न देता?" दिलीप फाटकातच भेटले. "बरं झालं आलात. तुम्ही बॉटनीवाल्या, एक सांगा. माझ्या झाडांना डिंक आलाय. लाडू होतील का त्याचे?"

जयंतीबाई थांबल्या. "कुठे आलाय?"

"सगळीकडे की. यंदा पहिल्यांदाच."

लाकूड झाडांच्या मधोमध रचलेलं, पावसाने भिजू नये म्हणून वर निळी ताडपत्री. नीटनेटका माणूस. हेमचंद्रांनी ताडपत्री ओढली. साल बंदुकीचे छर्रे मारल्यासारखी भोकाभोकांची. जयंतीबाईंनी कोयत्याने एक तुकडा काढला. आत भुसा. दुसरा काढला. भुसा. किडा एकही नव्हता.

त्यांनी मान वर केली. शेजारच्या पाइनच्या खोडावर, डोळ्यांच्या उंचीपासून वरपर्यंत, पॉपकॉर्न चिकटवल्यासारखे राळेचे पांढरट गोळे. झाड आत शिरणाऱ्या किड्याला राळेने बाहेर ढकलायला बघतं, त्याचे ते गोळे. त्यापलीकडच्या झाडावर तेच. त्याच्याही पलीकडे.

"दिलीप, हा डिंक नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. आपल्या झाडांना कीड होती, आपण ती होळीला दिली, कुणाला सांगितलं नाही, कारण जळणारच आहे असं धरून चाललो. एकही वाक्य मऊ केलं नाही. हेमचंद्र मध्येच "म्हणजे तसं नक्की सांगता..." म्हणायला लागले, त्यांना त्यांनी हाताने थांबवलं.

दिलीपना आधी हसू आलं. "काय वहिनी! बघा तरी वर. हिरवीगार आहेत."

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हिरवीच दिसतील. मग लाल होतील. पण तोवर यांच्यातले किडे डोंगरभर गेलेले असतील. गोळे आहेत तेवढी झाडं हिरवी असतानाच तोडावी लागतील."

"हिरवी झाडं तोडू?"

"हो."

"तुम्ही सांगायला हवं होतंत," दिलीप म्हणाले. आवाज चढला नाही, हेच वाईट. "मी लोकांना म्हटलं, शुभ असतं, घरी न्या. मी म्हटलं ते."

जयंतीबाईंनी पर्समधून माधवीकडून आणलेली नारिंगी रिबन काढली, तोडायच्या झाडांना खूण करायला, आणि जवळच्या पाइनकडे वळल्या.

"द्या इकडे," दिलीप म्हणाले. "झाड माझं आहे."

त्यांनी रिबन खोडाभोवती फिरवली, पण गाठ टिकेना. दोनदा सुटली. शेवटी जयंतीबाईंनी गाठीवर आपलं बोट दाबून धरलं, तेव्हा ती बसली. मग तिघं पुढच्या झाडाकडे गेले.